उन्हाचा कारखाना आणि जमिनीचा खंड

(लेखक : एक सेवानिवृत्त महसूल कारकून, थळ, ता. अलिबाग)

गेल्या माघ महिन्यांत एके सायंकाळीं आमच्या शेजारचे एक खातेदार कागदांची जाड चळत घेऊन आमच्या ओटीवर आले. "भाऊसाहेब, एवढें वाचून सांगा. आठ दिवसांत सही मागतात," असें म्हणून त्यांनीं ती माझ्यापुढें ठेवली. डोंगरपायथ्याची त्यांची साडेसात एकर वरकस जमीन एका कंपनीस सौर विद्युत्केंद्रासाठीं एकोणतीस वर्षांच्या भाडेपट्ट्यानें हवी होती. मसुदा इंग्रजींत, चाळीस पानांचा. वर मराठींत एका पानाचा गोषवारा, आणि त्यांत खंडाचा आंकडा तेवढा ठळक अक्षरांत. मी मराठी शाळेंत शिकलेला मनुष्य. पुतणीला जवळ बसवून तो मसुदा तीन रात्रीं तिच्याकडून ओळीनें वाचून घेतला, व माझ्या तीस वर्षांच्या दप्तरी नोकरीचा जो कांहीं उपयोग व्हावयाचा तो त्या तीन रात्रींत झाला. परंतु वाचतांना एक गोष्ट ध्यानांत आली. असें केंद्र कसें चालतें, त्यांत पैसा कोठून येतो व कोठें जातो, हें ठाऊक असल्याखेरीज करारांतील एकाही कलमाचें वजन कळत नाहीं. तें समजून घेण्यास मला पुढें चार महिने लागले. जें समजलें तें येथें मांडतों.

वीज आणि जमीन यांचा संबंध आपल्या जिल्ह्यास नवा नाहीं. टाटांचें खोपोली येथील जलविद्युत्केंद्र १९१५ सालीं सुरू झालें व भिऱ्याचें १९२७ सालीं. दोन्ही केंद्रें आपल्याच जिल्ह्यांत. वीज मात्र तारांवरून मुंबईच्या गिरण्यांस गेली. भिऱ्यास ज्या धरणाचें पाणी येतें त्या मुळशीच्या धरणाखालीं मावळांतील गांवें बुडालीं, आणि तेथील शेतकऱ्यांनीं सेनापति बापटांच्या पुढारपणाखालीं १९२१ सालापासून सत्याग्रह केला, हें आपल्या वाचकांस ठाऊक आहेच. त्या वेळीं जमीन कायमची गेली. हल्लींच्या सौर केंद्रांत जमीन खातेदाराच्या नांवावर राहते व दरसाल खंड येतो, हा फरक लहान नाहीं. तो कितपत खरा ठरावयाचा, हें मात्र सर्वस्वीं कागदावर अवलंबून आहे.

आतां यंत्राकडे वळूं. ज्यांस आपले लोक 'सोलर प्लेटा' म्हणतात, तीं वस्तुतः कांचेचीं तावदानें होत. कांचेखालीं सिलिकॉन नांवाच्या मूलद्रव्याच्या पातळ चकत्या बसविलेल्या असतात, व त्यांवर उजेड पडला कीं वीज वाहूं लागते. वाफ नाहीं, धूर नाहीं, फिरणारें चाक नाहीं. हल्लींचें एक तावदान सुमारें साडेसात फूट लांब व पावणेचार फूट रुंद असून भर उन्हांत साडेपांचशें वॅटपर्यंत वीज देतें. पांच अश्वशक्तीचा पंप चालविण्यास अशीं आठ-नऊ तावदानें पुरतात. एक मेगावॅट म्हणजे दहा लक्ष वॅट. म्हणजे हिशेबानें अठराशें तावदानें झालीं. परंतु पूर्ण जोराचें ऊन दिवसांतून थोडाच वेळ असतें, म्हणून प्रत्यक्षांत तेवढ्याच यंत्रसामग्रीवर चोवीस-पंचवीसशेंपर्यंत तावदानें जोडतात. दोन ओळींत परस्परांची सावली पडूं नये इतकें अंतर ठेवावें लागतें, त्यामुळें एका मेगावॅटास चार ते पांच एकर सपाट जमीन लागते.

तावदानें दक्षिणेकडे तोंड करून थोडीं कललेलीं बसवितात. मोठ्या केंद्रांत तीं सकाळीं पूर्वेकडे व सायंकाळीं पश्चिमेकडे वळतील अशी योजनाही असते. वीज अधिक मिळते, पण मोडतोड व खर्च वाढतो. तावदानांतून निघणारी वीज एकाच दिशेनें वाहणारी, आपल्या बॅटरींतल्यासारखी असते. इन्व्हर्टर नांवाचें यंत्र तिला घरगुती विजेच्या जातीची करतें, रोहित्र तिचा दाब अकरा अथवा तेहतीस हजार व्होल्टपर्यंत चढवितें, आणि मग ती जवळच्या उपकेंद्रास जाते. मापाचें मीटर तेथें बसविलेलें असतें. खळ्यावर भात किती निघालें यास महत्त्व नाहीं, वखारीच्या कांट्यावर किती भरलें यास आहे. तसाच हा प्रकार. वाटेंतील लाईन बंद पडली तर ऊन कितीही असो, त्या वेळची वीज वायां जाते. साठवावयाची तर बॅटऱ्यांचा खर्च निराळा.

एक समजूत मात्र दूर केली पाहिजे. ऊन जितकें कडक तितकी वीज अधिक, असें आपण धरून चालतों. वीज उजेडानें होते, उष्णतेनें नव्हे. तावदान पंचविसाहून जितके अंश अधिक तापेल, तितक्या अंशांमागें त्याचें उत्पन्न सुमारें शेंकडा एक-तृतीयांशानें घटतें. वैशाखांत कांच साठ अंशांपर्यंत तापते, तेव्हां शेंकडा दहा-बारा वीज केवळ उकाड्यानें जाते. म्हणून माघ-फाल्गुनांतील निरभ्र व थंड दिवस या केंद्रास सुगीचे असतात.

पावसाळ्याचें सांगावयास नकोच. घाटावर पाऊस थोडा, आभाळ लौकर उघडतें. आपल्याकडे मृगापासून हस्तापर्यंत ढगांचें छत असतें. देशावर एका मेगावॅटांतून वर्षास सुमारें सोळा-साडेसोळा लाख युनिटें निघतात असें धरतात. किनाऱ्यावर तेवढीं निघणार नाहींत. त्यांत आपली खारी हवा. घराचा पत्रा येथें किती वर्षें टिकतो हें आपण जाणतों. तावदानांचे सांगाडे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे असतात, आणि मुलामा जाड नसेल तर दहा वर्षांत त्यांच्या बोल्टांची काय अवस्था होईल याची कल्पना करावी. शिवाय वादळें. ३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' वादळ अलिबागेच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आलें, तेव्हां वारा ताशीं शंभर किलोमीटरांहून अधिक वेगाचा होता. नारळी-पोफळीच्या ज्या बागा त्या दोन तासांत आडव्या झाल्या, त्या पुन्हां उभ्या करण्यास एक पिढी लागणार आहे. साडेसात फुटांचें तावदान म्हणजे वाऱ्यास एक शीडच. खांब जमिनींत किती खोल गेले आहेत, हा प्रश्न कंपनीचा खरा. परंतु वादळानंतर केंद्र उभें न राहिल्यास मोडलेली कांच व वांकडें लोखंड कोणाच्या शेतांत पडून राहणार, हा प्रश्न खातेदाराचा आहे.

वैशाखांत एका नातलगाच्या लग्नानिमित्त धुळ्यास गेलों असतां साक्री तालुक्यांतील शिवाजीनगरचें केंद्र कुंपणाबाहेरून पाहून आलों. महानिर्मिती कंपनीचें हें १२५ मेगावॅटचें केंद्र जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेच्या कर्जाच्या साहाय्यानें उभें राहून २०१३ सालीं सुरू झालें. नजर पोंचेल तेथवर निळ्या-काळ्या ओळी, आणि आश्चर्य म्हणजे आवाज कसलाच नाहीं. वीज तयार करणाऱ्या जागीं कांहीं तरी घरघर असावी अशी माझी अपेक्षा होती. माणसेंही थोडीं. पहारेकरी, दोन-तीन तारतंत्री, आणि धूळ धुणारी व गवत काढणारी मंडळी. गांवच्या तरुणांस नोकऱ्या मिळतील असें दलाल सांगतात, त्यांनीं हें दृश्य पाहावें. उभारणीच्या आठ-दहा महिन्यांत मजुरी पुष्कळ मिळते. पुढें पंचवीस वर्षें केंद्र जवळ जवळ आपलें आपण चालतें.

धुण्याचें काम दिसतें तितकें क्षुल्लक नाहीं. धुळीचा थर बसला कीं वीज घटते, व पक्ष्याची विष्ठा वा एखादें पान एका तावदानावर पडलें तरी त्या माळेंतील इतरांचें उत्पन्नही कांहीं अंशीं ओढलें जातें. एका तावदानास एका वेळीं दीड-दोन लिटर पाणी लागतें. अडीच हजारांस चार-पांच हजार लिटर, आणि तें महिन्यांतून दोनदां. पाणीही जड चालत नाहीं, कांचेवर पांढरे डाग धरतात. कोरड्या कुंच्यानें झाडणारीं यंत्रें आतां निघालीं आहेत. आपल्याकडे पाऊस चार महिने फुकट धुवून देतो. पण त्याच चार महिन्यांत गवत पुरुषभर वाढतें, व तें तावदानावर सावली पाडतें. मेंढ्या सोडल्या तर चालतें. शेळ्या सोडूं नयेत, त्या तावदानांवर चढतात.

आतां पैशाचा हिशेब. हा माझा अजमास आहे. दर ठिकाणीं आंकडे बदलतील, पण मांडणी बदलणार नाहीं.

एक मेगावॅट उभारण्यास हल्लीं चार कोटींच्या आसपास खर्च धरूं. पंप चालविणाऱ्या कृषि वाहिनीस वीज देणारें केंद्र असल्यास केंद्र सरकारच्या कुसुम योजनेंतून मेगावॅटामागें १ कोटि ५ लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळतें. राहिले २ कोटि ९५ लाख. त्यांपैकीं शेंकडा सत्तर बँकेचे, म्हणजे सुमारें २ कोटि ६ लाख. उरलेले ८८ लाख मालकाचे. वीज साडेसोळा लाख युनिटें, भाव युनिटास ३ रुपये धरला तर वार्षिक उत्पन्न साडेएकोणपन्नास लाख. त्यांतून देखभाल, पहारा, विमा मिळून पांच लाख. जमिनीचा खंड पांच एकरांस अडीच लाख. बँकेचें व्याज शेंकडा नऊ दरानें पहिल्या वर्षीं साडेअठरा लाख, व पंधरा वर्षांत फेडावयाचें म्हटलें तर मुद्दल दरसाल पावणेचौदा लाख. बाकी सुमारें साडेनऊ-दहा लाख मालकाच्या हातीं.

या हिशेबांतून दोन गोष्टी दिसतात. एक, या धंद्यांत खर्च जवळ जवळ सर्व आरंभींच होतो. कोळसा घ्यावयाचा नाहीं, डिझेल घ्यावयाचें नाहीं. म्हणून व्याजाचा दर एक टक्का वरखालीं झाला तरी सर्व हिशेब हलतो. दुसरी गोष्ट आपल्या कामाची : जमिनीचा खंड एकंदर उत्पन्नाच्या विसाव्या हिश्श्याएवढा आहे. दलाल एकरामागें हजार रुपये वाढवून देण्यास तोंड वांकडें करतो, तेव्हां तें पांच एकरांस पांच हजार होतात, हें ध्यानांत ठेवावें. साडेएकोणपन्नास लाखांत पांच हजार.

मात्र भाव पूर्वीं असा नव्हता. राष्ट्रीय सौर योजना २०१० सालीं सुरू झाली, तेव्हां युनिटास दहा-बारा रुपये मागत असत. फेब्रुवारी २०१७ मध्यें मध्यप्रदेशांतील रीवा येथील केंद्रास पहिल्या वर्षाचा भाव २ रुपये ९७ पैसे ठरला, त्याच सालच्या मे महिन्यांत राजस्थानांतील भडला येथें २ रुपये ४४ पैसे, आणि डिसेंबर २०२० मध्यें गुजराथेंतील लिलांवांत १ रुपया ९९ पैसे. तावदानें स्वस्त झालीं हें एक कारण, आणि वाळवंटांतील ऊन हें दुसरें. ज्यानें पूर्वींच्या भावानें पंचवीस वर्षांचा करार केला तो सुखी. जो आज करतो त्यास एकेक पैसा मोजावा लागतो. आणि दुपारीं सर्वत्र सौर वीज एकदम येऊं लागल्यानें त्या वेळच्या विजेस बाजारांत किंमत कमी, तर दिवेलागणीस मागणी वाढते तेव्हां सूर्य नाहीं, अशी अडचण आतां मोठ्या केंद्रांपुढें उभी आहे.

शेतकऱ्यास याचा प्रत्यक्ष उपयोग काय, तर दिवसाची वीज. देशावरील शेतकऱ्यास रात्रीं-अपरात्रीं पाण्याच्या पाळीस जावें लागतें; साप, बिबटे व उघड्या तारा यांनीं किती माणसें गेलीं असतील. यासाठींच आपल्या राज्यानें २०१७ सालीं मुख्यमंत्री सौर कृषि वाहिनी योजना काढली. राळेगणसिद्धी व यवतमाळ जिल्ह्यांतील कोळंबी येथें पहिले प्रयोग झाले. २०२३ सालीं योजनेची दुसरी आवृत्ति निघाली, आणि तिचें पहिलें केंद्र, तीन मेगावॅटचें, वैजापूर तालुक्यांतील धोंदलगांव येथें २०२४ सालीं सुरू झालें. खाजगी जमिनीस पूर्वीं हेक्टरीं ७५ हजार रुपये खंड होता, तो या दुसऱ्या योजनेंत हेक्टरीं सव्वा लाख अथवा जमिनीच्या सरकारी किंमतीच्या शेंकडा सहा, यांपैकीं जो अधिक तो, व दरसाल मूळ दराच्या शेंकडा तीन वाढ, असा ठरला. म्हणजे एकरीं पन्नास हजार. आपल्या किनाऱ्यावर कृषिपंप थोडे, त्यामुळें या योजनेचीं केंद्रें येथें फारशीं होण्यासारखीं नाहींत. येथें येतात ते बहुधा कारखान्यांस वीज विकणारे खाजगी लोक, आणि त्यांचा दर ते सांगतील तो. शेजाऱ्यांस एकरीं चाळीस हजार सांगितला होता.

चाळीस हजार थोडे कीं फार? आपल्या खाचरांत एकरीं पंधरा क्विंटल भात आलें व तें २०२५-२६ च्या हमीभावानें, २,३६९ रुपयांनीं, गेलें, तर साडेपस्तीस हजार होतात. आणि त्यांत नांगरणी, लावणी, खत, कापणी, झोडणी यांचा खर्च जावयाचा. म्हणजे कागदावर खंड भाताहून सरस. परंतु त्याच खाचरांत भातामागून पांढरा कांदा किंवा वाल घेणाऱ्यानें हा हिशेब निराळा करावा. मानांकन मिळाल्यापासून अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळेस गिऱ्हाईक रस्त्यावर थांबून पैसे मोजतें. असलीं खाचरें कांचेखालीं घालणें मला तरी रुचत नाहीं. वरकस जमिनीची गोष्ट वेगळी. तिच्यांत गवत व राबाची कवळें यांपलीकडे बहुतेकांस कांहीं मिळत नाहीं, आणि बैल कमी झाल्यापासून गवतासही गिऱ्हाईक नाहीं. तेथें एकरीं चाळीस हजार ही रक्कम खरोखर मोठी आहे. म्हणून शेजाऱ्यांस मीं "देऊं नका" असें म्हटलें नाहीं.

खार जमिनीवरही दलालांची दृष्टि आहे, कारण ती सपाट. जेथें बांध फुटून उधाणाचें पाणी शिरलें व शेती सुटली, तेथें बहुतेक ठिकाणीं खारफुटी माजली आहे. आणि खारफुटी तोडणें हा गुन्हा आहे. सातबाऱ्यावर भात लिहिलेलें असलें तरी जागेवर तिवरें असतील तर त्या कागदाच्या जोरावर कोणीही कुऱ्हाड चालवूं नये. दलाल निघून जाईल, जबाब खातेदारास द्यावा लागेल.

आतां तो मसुदा. गोषवाऱ्यांत "दरवर्षीं शेंकडा तीन वाढ" एवढेंच होतें. इंग्रजींत मात्र वाढ मूळ खंडावर होती, मागील वर्षाच्या खंडावर नव्हे. साडेसात एकरांचा पहिल्या वर्षाचा खंड तीन लाख. मूळ खंडावर वाढ धरली तर एकोणतिसाव्या वर्षीं ५ लाख ५२ हजार होतो; मागील वर्षाच्या खंडावर धरली तर सुमारें ६ लाख ८६ हजार. सर्व वर्षांची बेरीज पहिल्या रीतीनें १ कोटि २३ लाख ५४ हजार, दुसऱ्या रीतीनें सुमारें १ कोटि ३५ लाख ६६ हजार. 'मूळ' या एका शब्दाची किंमत बारा लाख रुपये. सरकारी योजनेंतही वाढ मूळ दरावरच आहे, असें कंपनीच्या माणसानें सांगितलें, आणि तें खरें आहे. पण तेथें आरंभ पन्नास हजारांपासून होतो, हें त्यानें सांगितलें नाहीं.

दुसरें कलम कब्जाचें. सही होतांच जमीन कंपनीच्या ताब्यांत, खंड मात्र वीज उपकेंद्रास पोंचूं लागल्या दिवसापासून. आणि त्यास अठरा महिन्यांची मुदत. म्हणजे साडेचार लाखांचा खंड बुडाला, गवतही गेलें, आणि परवानगी न मिळाल्यास कंपनी हात झटकून मोकळी. तिसरें, करार केव्हांही मोडण्याचा अधिकार कंपनीस. खातेदारास तो मुळींच नाहीं, खंड दोन वर्षें थकला तरी नाहीं. चौथें, वीज घेणाऱ्यानें पैसे थकविल्यास खंडही तितके दिवस थांबावा. खंड हा जमिनीचा असतो, विजेच्या विक्रीचा नसतो. पाऊस अधिक पडला, लाईन तुटली, गिऱ्हाईक फिरलें, यांतील कशाचाही भार खंडावर येतां कामा नये. खंडकऱ्याच्या घरीं कोणत्याही कुळाचें असें म्हणणें कधीं ऐकून घेतलें गेलें नाहीं!

बँकेचें कलम फार जपून वाचावें लागलें. कंपनीनें आपला भाडेपट्ट्याचा हक्क बँकेकडे गहाण ठेवणें ओघानेंच येतें. त्याविना तिला कर्ज मिळणार नाहीं. परंतु मसुद्यांतील शब्द असे सैल होते कीं जमिनीच्या मालकीवरही बोजा चढावा. सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यांत एकदां बोजा बसला म्हणजे तो उतरविण्यास किती हेलपाटे पडतात, हें मीं टेबलाच्या पलीकडे बसून पाहिलें आहे. आतां अलीकडे बसून सांगतों : कर्ज कंपनीचें, गहाण कंपनीच्या यंत्रांचें व भाडेहक्काचें, जमिनीचें नव्हे, असें स्पष्ट अक्षरांत लिहून घ्यावें. पट्टा एक वर्षाहून अधिक मुदतीचा असल्यामुळें त्याची नोंदणी कायद्यानें आवश्यकच आहे; साध्या स्टँपावरील सहीस भुलूं नये. आणि पीकपाहणींत पीक नाहीं म्हणजे त्या गटावर सोसायटीचें पीककर्ज नाहीं व पीकविमाही नाहीं, हेंही घरच्या मंडळींस आधींच सांगून ठेवावें.

मुदत संपल्यावरचें कलम तर एका ओळीचें होतें : कंपनी "शक्य तितकें साहित्य" काढून नेईल. तावदानाचें उत्पन्न दरसाल अर्धा-पाऊण टक्का घटत जातें. पंचवीस-तीस वर्षांनीं तें मोडींत निघतें. सौर तावदानांस २०२२ च्या ई-कचऱ्याच्या नियमांखालीं घेतलें आहे, म्हणजे तीं कोणीही कोठेंही टाकूं नयेत. पण नियम असणें आणि शेतांतून हजारों खांब उपटले जाणें यांत अंतर आहे. सिमेंटाचे पाये चार फूट खोल राहिले तर तेथें नांगरही चालणार नाहीं. यासाठीं कांहीं रक्कम अनामत ठेवावी, असा आम्हीं आग्रह धरला.

आणि शेवटचें कलम झाडांचें. सावली पाडणारें कोणतेंही झाड, पट्ट्याच्या जमिनींतील अथवा "लगतच्या", कंपनीस तोडतां यावें. शेजाऱ्यांच्या हद्दीवर त्यांच्या आजोबांनीं लावलेले तीन रायवळ आंबे आहेत, व ते पट्ट्याबाहेरच्या गटांत येतात.

या कलमाशीं माझी पुतणी अडखळली, आणि मला विखरणची आठवण झाली. धुळें जिल्ह्यांतील शिंदखेडा तालुक्यांत हें गांव आहे. तेथील धर्मा पाटील या वृद्ध शेतकऱ्यांची पांच एकर जमीन वीजप्रकल्पासाठीं संपादन झाली. मोबदला मिळाला तो सुमारें चार लाख रुपये. शेजारच्या जमिनींस याहून कितीतरी अधिक मिळाला, आणि आपल्या आंब्यांच्या झाडांचा विचार झाला नाहीं, अशी त्यांची तक्रार होती. ती घेऊन ते वर्षानुवर्षें कचेऱ्यांतून फिरले. २२ जानेवारी २०१८ रोजीं त्यांनीं मुंबईस मंत्रालयांत विष घेतलें, व २८ तारखेस रुग्णालयांत त्यांचा अंत झाला. मीं स्वतः नोकरींत पंचनामे लिहिले आहेत. संध्याकाळ होत आलेली असते, मोटार परतावयाची असते, आणि झाडांच्या रकान्यांत 'आंबा, फळावरील, अमुक' असें मोजून लिहावयाचें कीं 'झाडें किरकोळ' इतकें लिहून पान उलटावयाचें, हें लिहिणाऱ्याच्या हातीं असतें. मीं कधीं किरकोळ लिहिलें नाहीं, असें छातीवर हात ठेवून मला सांगतां येणार नाहीं.

असो. एक गोष्ट सुचवून ठेवतों. जोधपूरच्या काजरी या केंद्रीय संस्थेंत तावदानांच्या ओळींमधील जागेंत मूग वगैरे पिकें घेण्याचा १०५ किलोवॅटचा प्रयोग झाला आहे, व तावदानांवरून ओघळणारें पावसाचें पाणी सांठवून तेंच धुण्यास वापरण्याची तेथें सोय आहे. आपल्याकडे पावसाची वाण नाहीं. ओळी थोड्या उंच व विरळ ठेवल्या तर मधल्या पट्ट्यांत सावलींत येणारीं पिकें, हळद किंवा अळू, करून पाहण्यासारखीं आहेत. आम्हीं तें मसुद्यांत घालावयास सांगितलें. कंपनीच्या माणसानें हंसून दुसरा विषय काढला.

शेजाऱ्यांनीं आठ दिवसांत सही केली नाहीं. सहा दुरुस्त्या मराठींत लिहून त्या कंपनीच्या कचेरीस पोंचत्या केल्या. दोन महिन्यांनीं उत्तर आलें. खंड सहीनंतर सहा महिन्यांनीं सुरू होईल, गहाण फक्त भाडेहक्काचें राहील, व खंड थकल्यास नोटीस देऊन करार मोडतां येईल, हीं तीन कलमें मान्य झालीं. पाये काढण्याची अनामत व मागील वर्षाच्या खंडावर वाढ हीं दोन अद्याप तशींच आहेत. कंपनी चाळिसाचे बेचाळीस हजार करावयास तयार आहे, वाढीची रीत बदलावयास नाहीं. आंब्यांबद्दल उत्तरांत कांहींच नव्हतें. मोजणीची तारीख पुढील पंधरवड्यांत आहे. त्या दिवशीं हद्दीच्या निशाण्यांबरोबर तीं तीन झाडें नकाशावर क्रमांक घालून दाखवून घ्यावीं, हें काम शेजाऱ्यांनीं मजकडे सोंपविलें आहे. नकाशाची नक्कल हातीं पडल्यावर सहीचें पाहूं, असें त्यांनीं कंपनीस कळविलें आहे.